न्हाऊ घालणाऱ्याची साक्ष

उठू नका, खाजाभाई. उठलात तर मीबी मागनं येईन, मशिदीच्या पायरीपतुर येईन, आन तिथं वजूला हातपाय धूत बसलेल्या समद्या मानसांम्होरं हेच बोलंन — मंग म्हनू नका, इमामबीला लाज न्हाई. न्हाईच हाय. हुती तेवडी नगरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ठेवून आले. असराच्या नमाजाला अजून लई येळ हाय, सावली बगा की, उंबऱ्याला शिवलीसुदिक न्हाई. आन ती पिंजन ठेवा खाली. मी बोलाय लागले की तुमी तार छेडता — मागल्या टायमालाबी असंच केलं, तुंय तुंय तुंय, आन समदा कापूस माज्या तोंडावर. कुनाची गादी हाय ही? पाटलाच्या लेकीची? बरं. तिचं लगीन काय गादीवाचून अडत न्हाई. ठेवा. हां, असं. हसीना, तू आत जा, भाभीला जवारी निवडू लाग. जा म्हनलं ना. — ती नगं इथं. ती माजी सून हाय, लई गुनाची हाय, पन नवरा गेल्यापास्नं ती रडलीच न्हाई, आन ते मला बगवत न्हाई.

मराठीत बोलते म्हनून हसू नका. वकीलसाहेबांनी सांगितलंय — इमामबी, तुमची घरातली बोली जज्जाला कळायची नाही, आतापासूनच तोंडाला सवय लावा. म्हनून मी आता घोडीसंगंबी मराठीतच बोलते. शामकांतराव वकील, ते हो, नगरात माळीवाड्याच्या अंगाला ऱ्हातात ते. फी मागितली न्हाई त्यांनी, तेवडं खरं, पन मानूस लई चिकट, येकेक सबूद दहादा उकरून काडतो. म्हनतो, पाठ करा. मी पाठ केलंय. ऐका, जमतंय का बगा — मी इमामबी, लालमहंमद टांगेवाल्याची बायको, मयत नबीलालची आई. माजा लेक टांगा हाकायचा, शेवगावच्या बाजाराला मानसं न्यायचा, आनायचा. बाजाराच्या दिशी येक परका मानूस त्याच्या टांग्यात बसला, घाटाच्या फाट्यावर उतरला आन पायी निगून गेला. तो सरकारच्या तारा तोडनारा हुता, पोलीस त्याला हुडकत हुते, हे माज्या लेकाला ठावं नव्हतं. फौजदारानं जुम्याच्या सकाळी माज्या लेकाला चौकीत नेलं, तो मानूस कुटं गेला सांग म्हनून मारलं, आन त्या मारानं माजा लेक मेला. — हितपतुर येतं मला. घडाघडा येतं. मंग वकीलसाहेब चष्मा काडतात आन इचारतात, इमामबी, मारताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत? न्हाई. अंगावरच्या खुणा पाहिल्यात? न्हाई. मग कोणी पाहिल्या? — दर खेपंला तिथंच आडते मी. तोंडात नाव येतं तुमचं, माज्या लेकाच्या मैताला न्हाऊ घालनाऱ्याचं, खाजाभाई, आन मी ते गिळून टाकते, का तर तुमी हां म्हनला न्हाई.

दाव्याचं सांगते. येकदम दावा लागत न्हाई. आदी त्या फौजदाराला नोटीस द्यायची — का बाबा, तू सरकारी मानूस हायेस, तुज्यावर आमी दावा लावनार हाय. मंग दोन म्हयने थांबायचं. का, तर त्याला इचार करायला! माज्या लेकाला घटकाभर दिली न्हाई इचार करायला, आन ह्याला दोन म्हयने. कायदाच तसा हाय म्हनतात. वरसाच्या आत दावा पडला पायजे, न्हाईतर कोर्टाचं दार बंद. दिवस भरत आले, आन नोटीस अजून वकिलाच्या टेबलावर पडली हाय, का, तर साक्षीदार न्हाई. साक्षीदार नसला तर वकील म्हनतो, हा दावा लावून मी तुमची फजिती करणार नाही. बरं, जिंकला तर काय? कोर्ट पैसे द्यायला लावनार. जीव न्हाई देत कोर्ट, त्याला देता येत न्हाई, म्हनून पैसे. गाव मला तोंडावर म्हनतं, इमामबीला लेकाच्या मढ्यावर माडी बांदायची हाय. त्या आक्काबाईनं भर पानवट्यावर म्हनलं. मी म्हनलं, व्हय गं आक्काबाई, माडी बांदीन, आन वर बसून तुज्या परसात बगत बसंन. काय म्हनू दुसरं? मला पैसे नगंत, खाजाभाई. वकिलाला सांगितलंय, पैसे आले तर मशिदीच्या हौदाला द्या. मला येवडंच पायजे, का त्या मानसाला कुनीतरी हुबं करावं आन इचारावं. तो घोड्यावर बसून माज्या दारावरनं जातो, मला सलाम करतो, म्हनतो, काय म्हातारे, बरी हायेस ना? आन मला इचारतो तो! त्याला कोन इचारनार?

आन नबीचं नाव काय झालंय गावात? पटकीनं मेला. अजूनबी तसंच म्हनत्यात. त्याच्या अंथरुनाची लोकांनी होळी केली, आमच्या दाराम्होरं चुना टाकला, हिरीवर हसीनाला घागर बुडवू दीनात. मारून टाकलेल्या मानसाला कसली आली पटकी? पन लोकाला काय, पोलिसानं सांगितलं ना.

कसं आनलं त्याला, ठावं हाय ना तुमाला? तुमी दारातच हुता. आतवारी सकाळी टांग्याचा आवाज आला. मी म्हनलं, आला. घोडीच्या चालीवरनं मला कळतं, भरलेला टांगा का रिकामा, तसं मला वाटलं, भरलेला हाय, म्हंजी नबीला वाटंत भाडं मिळालं. खरंच सांगते, असंच वाटलं मला. चुलीवर भाकर तशीच ठेवून भाईर आले. म्होरं शिपाई बसलेला, लगाम त्याच्या हातात. आन मागं घोंगडीखाली माजा लेक. त्याचाच टांगा, त्याचीच घोडी — दुसरी गाडी न्हाई मिळाली त्यांना येवड्या मोट्या सरकारात? तवापास्नं ती घोडी चौकीम्होरनं जात न्हाई. मारा, वढा, चार पाय रवून हुबी ऱ्हाती. मी वकिलाला इचारलं, घोडीची साक्ष चालती का. मी हसवायला इचारलं हुतं. तो हसला न्हाई. चष्मा पुसत बसला.

तर शिपाई म्हनतो, राती पटकी झाली, वकला, ढाळला, खलास झाला. लवकर उरका, गावात पसरंल. पटकी म्हनल्यावर येक मानूस थांबला का? समदं अंगन मोकळं. मागनं फौजदार आला घोड्यावर. लई गोड बोलला, अगदी पोटच्या लेकावानी. म्हनला, म्हातारे, तुला शंका असंल तर मी नगरला धाडतो मढं, डाक्टर चिरून बगंल, पोट फाडंल, डोकं फोडंल, मंग शिवून दील परत दोन-तीन रोजांनी. उनाळा हाय. न्हाईतर तुमच्यात तर उशीर करत न्हाईत, असराच्या आत माती द्या, आमी आडवे येनार न्हाई. बगा की! त्याला आपला रिवाज ठावं हुता, खाजाभाई. आपल्यापरास ज्यादा ठावं हुता. मी म्हनलं, माज्या लेकराला चिरायचं न्हाई. त्यानं कागद म्होरं केला, मी अंगठा दिला. पटकीनं मेला, आमची कसली तक्रार न्हाई — असं त्यात हुतं म्हनं. मला कुटं वाचता येतं? आन वाचता आलं असतं तरी दिला असता. तवा मला येकच दिसत हुतं, डाक्टरची सुरी. शामकांतराव वकिलानं ते ऐकलं, आन कपाळावर हात मारून घेतला. इमामबी, त्याने तुमच्याच हाताने पुरावा पुरून घेतला! मी म्हनलं, साहेब, तुमची आई असती तर तिनंबी हेच केलं असतं. कबर उगडायचं काडलं हुतं त्यानं येकदा, मंग सोताच म्हनला, आता पावसाळा होऊन गेला, काही दिसणार नाही. म्हंजी कबर गेली, कागद त्येंचा, डाक्टर न्हाई. काय ऱ्हायलं? तुमी ऱ्हायला.

पटकीचं मैत म्हनून कुनी हात लावीना. दर खेपंला पानी वतायला दोन मानसं असत्यात ना तुमच्या जोडीला? त्या दिशी येकबी आलं न्हाई. तुमी येकटेच पडद्याच्या आत गेला. का गेला? पटकीचं भ्या तुमाला न्हाई? तुमाला घोंगडी उचलताच कळलं हुतं, ही पटकी न्हाई. न्हाई का? मान तरी हालवा. — बरं, नका हालवू. मी भाईर बसले हुते, पडद्याला पाठ लावून. मला पान्याचा आवाज येत हुता. आन तुमचा आवाज आला, आतनं, कापूस द्या. दिला. मंग थोड्या येळानं परत, कापूस द्या. परत दिला. मंग तुमी सोताच्या घरनं मागवला, तुमच्या बायकूनं, ह्या भाभीनंच, पाटी भरून आनला, पिंजलेला, पांडरा सफेद. मी मनात म्हनलं, येका मैताला केवडा कापूस लागतो? नबीच्या अब्बांना मूठभर लागला हुता. माज्या सासूला मूठभर. माज्या लेकाला पाटी लागली. कुटं लावला येवडा कापूस, खाजाभाई? कुटं कुटं लावला?

तोंड तेवडं दावलं तुमी मला. बाकी कफन असं घट्ट, हनुवटीपतुर. आन कपाळावरची पट्टी खाली वढलेली, पार भिवईपतुर. उजवा कान झाकलेला. मी म्हनलं, पट्टी जरा वर करा, मला कपाळाचा मुका घ्यायचाय. तुमी म्हनला, गालाचा घ्या. मी घेतला गालाचा. इचारलं न्हाई. तवा मला इचारायचंच नव्हतं.

मागल्या टायमाला तुमी काय म्हनला मला? जे बगितलं ते पान्यासंगं गेलं, इमामबी. पानी कुटं गेलं? माज्याच परसात गेलं की! खड्डा मीच खनला हुता. ती हसीना आत बसली हाय ना, ती तवा परसात हुबी हुती, खड्ड्यापाशी. तिनं ते पानी बगितलं. तिनं अजून मला सांगितलं न्हाई, पान्याचा रंग कसला हुता, आन मी तिला इचारलं न्हाई. येका चुलीवर भाकरी करतो दोघी. येकाच घोंगडीवर निजतो. तिनं बगितलं हे मला ठावं हाय, आन मला ठावं हाय हे तिला ठावं हाय. असं ऱ्हायलोय आमी इतके म्हयने. वकील म्हनतो, पाण्यावर दावा उभा राहत नाही, अंग पाहिलेला माणूस आणा.

हां, आता बोला तेच, मला पाठ हाय — न्हाऊ घालनाऱ्यानं मैताचं सांगू नये. मान्य. पन मी काय येड्यावानी आले न्हाई तुमच्याकडं. मी नगरच्या मौलवीसाहेबांकडं गेल्ते. तासभर दारात बसले. त्येंनी सांगितलं, झाकायचा असतो तो मैताचा ऐब, त्येची खोट. कुनाचं अंग काळं पडलं, कुनाचं तोंड वाकडं झालं, ते झाकायचं, त्येची बदनामी करायची न्हाई. आता तुमीच सांगा, मार खानं ऐब हाय व्हय? मार खानाऱ्याचा ऐब, का देनाऱ्याचा? तुमी कुनाचा ऐब झाकताय, माज्या लेकाचा का फौजदाराचा? फौजदार काय मेलाय? तुमी त्याला न्हाऊ घातलंय? — असे खाली काय बगताय? कापसात काय हाय?

भ्येत न्हाई तुमी, ते मला ठावं हाय. भ्येत असता तर मी आलेच नसते. भ्यालेल्या मानसाला काय बोलायचं? त्याला सलाम करायचा आन घरी जायचं. तुमच्या दारात शिपाई दोनदा यून बसून गेला, समद्या गावानं बगितलं. तुमी त्याला पानीबी इचारलं न्हाई म्हनं. मला तवा लई बरं वाटलं. मी हसीनाला म्हनलं, बग, खाजाभाई बोलनार. मंग काय आडतंय? गावाचं आडतंय? येकदा बोलला तर गाव तुमाला मैताला बोलावनार न्हाई? का बोलावनार न्हाई? कुनाला येतंय दुसऱ्या? — आसंल, भ्या आसंल लोकाला. समद्यांच्या घरात कायतरी झाकलेलं असतंय, आन झाकनारा हात येकच हाय, तुमचा. उद्या तुमी कोर्टात बोलला, का समदी म्हनतील, हा बोलतो. खरं हाय. समजतं मला. मलाच समजनार न्हाई तर कुनाला? नबीच्या अब्बांच्या गळ्यावर तुमी तो रुमाल गुंडाळला न्हवता का, कोनाला दिसू नये म्हनून, आन भाईर यून म्हनला —

काय न्हाई.

काय म्हनले मी? काय न्हाई म्हनले. रुमाल म्हनले. थंडीचे दिवस हुते तवा, म्हनून — असं बगू नका माज्याकडं. भाभी आत हाय ना? हसीना — हसीना कुटं बसलीय? दाराच्या मागंच? ऐकलं का तिनं? — हालली न्हाई. म्हंजी ऐकलं. जाऊ द्या. ऐकू द्या. निगालं तोंडातनं, आता काय गिळता येतंय?

व्हय. लालमहंमद टांगेवाल्याला कळ आली न्हाई छातीत. मी सांगितलं समद्यांना, कळ आली, कळ आली, आन बडवून घेतलं. तबेल्यात हुते ते. घोडीचाच लगाम हुता. तवा ही घोडी न्हाई, हिची आई. मी येकटीनं खाली उतरवलं, नबी एवडासा हुता, झोपला हुता. का केलं, ते मला अजून ठावं न्हाई, मानसाला दुख असलं तर सांगावं की नाई बायकूला? न्हाई सांगितलं. आन तुमी आला न्हाऊ घालायला. मी तुमचे पाय धरले हुते, त्या पडद्यापाशीच. खाजाभाई, गळ्याचं कुनाला सांगू नका. लोक त्येंच्या मैताची नमाज पडायचे न्हाईत, नबीला आख्खा जलम ऐकावं लागंल. तुमी नुसती मान हालवली. भाईर यून म्हनला, अल्लाची मर्जी, चला, खांदा द्या. बास. येवड्या वरसात तुमच्या तोंडातनं ते निगालं न्हाई, भाभीलाबी ठावं नसंल. ठावं नव्हतं ना, भाभी? — बगा, सूप ठेवलं तिनं खाली.

थांबा. थांबा जरा. मला आता कळाया लागलंय. तुमी उद्या कोर्टात हुबे ऱ्हायला, कुरानावर हात ठेवला. फौजदाराचा वकील हुबा ऱ्हाईल, तो काय गप बसंल? तो म्हनंल, का हो खाजाभाई, तुमच्यात न्हाऊ घालनारा मैताचं सांगत न्हाई ना? मंग तुमी आत्ताच कसे बोलला? आजपतुर कुनाचं काय झाकलं का? आन तुमी कुरानावर हात ठेवून खोटं बोलनार न्हाई. वळखते मी तुमाला. तुमी म्हननार, झाकलं. कुनाचं? — आन तिथं तुमाला नबीच्या अब्बांचं नाव घ्यावं लागंल. भर कोर्टात. नगरच्या.

म्हंजी तुमी माज्यासाटी गप हाय?

बोला ना. माज्यासाटी? इतके म्हयने मी तुमच्या दारात यून तुमाला काय काय बोलले. बुळगा म्हनले. फौजदाराचा मिंधा म्हनले, त्या दिशी रस्त्यावर, लोकांम्होरं. तुमी खाली मान घालून निगून गेला. का न्हाई सांगितलं मला, का इमामबी, तुज्याच नवऱ्यापायी माजं तोंड बांदलंय? — न्हाई सांगनार तुमी. तसं सांगायचं म्हंजी त्या गळ्याचं नाव काडायचं, आन ते तुमी माज्याम्होरंबी काडनार न्हाई. या अल्ला, काय मानूस हाय हा. मी रडत न्हाई. कापूस गेलाय डोळ्यात, तुमच्या घरात बसायला जागा कुटं हाय, समदा कापूस.

ऐका आता. नीट ऐका, मी घटकाभरात बदलंन म्हनून लगेच सांगते. तो सबूद मी घेतला हुता ना तुमच्याकडनं, पडद्यापाशी, पाय धरून? तो मी तुमाला परत केला. सोडलं तुमाला. सांगा. इचारलं तर सांगा. म्हना, लालमहंमदनं गळफास घेतला, मी न्हाऊ घालताना रुमाल बांदला, त्याची बायकू खोटं बोलली. सांगा समदं. लोक थुंकतील. हसीनाच्या पोरीचं लगीन — बानूला उद्या कोन मागनी घालनार, जिच्या आज्यानं — बगू. तवाचं तवा बगू. ते असते तर तेबी हेच म्हनले असते, लेकासाटी माजं उगडं करा — न्हाई. खोटं कशाला बोलू? ते असं कवाच म्हनले नसते, लई मानी मानूस. ते म्हनले असते, इमामबी, मला झाकून ठेव. पन ते न्हाईत. मी हाय. त्येंनी सोताच्या हातानं केलं, माज्या लेकाला दुसऱ्यानं केलं. दोघांना येका पडद्याआड ठेवायचं न्हाई मला. त्येंची माफी मी मागंन, वर गेल्यावर, ती नवरा-बायकूतली गोष्ट हाय.

येनार? — काय म्हनला? जरा मोट्यानं बोला, या येका सबदासाटी इतके म्हयने आले मी. — येनार. नगरला. बाजाराच्या आदल्या दिशी. टांगा — व्हय, टांगा हाय की, चौकीवरनं घोडी जानार न्हाई, मळ्याच्या वाटंनं जाऊ. वकीलसाहेबाला काय बोलू मी! चष्मा पडंल त्याचा. नोटीस आता निगंल, टेबलावरनं उठंल ती. हसीना, ऐकलं का? खाजाभाई —

काय? काय म्हनला?

आदी मला?

मला कशाला? मला नगं. वकिलाला सांगा, जज्जाला सांगा, त्येंना लागतंय. मी काय करू ऐकून? मी आई हाय, मला काय साक्ष करायचीय? मी तवा नसंन कोर्टात, भाईर लिंबाखाली बसंन, तुमचं झालं का मला हाक मारा. — बसावंच लागंल? मी दावा लावनारी, म्हनून? वकिलानं सांगितलं हुतं खरं, इमामबी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बसावं लागेल. मी ध्यान दिलं न्हाई. म्हंजी तुमी बोलनार तवा मी तिथंच असनार. आन तोबी असनार, समोरच्या बाकावर. तो तुमच्याकडं बगनारच न्हाई, खाजाभाई. तुमी सांगत असताना तो माज्या तोंडाकडं बगनार. म्हातारी कशी तडफडती ते. काय म्हातारे, बरी हायेस ना?

खरं हाय तुमचं. मैताचं आदी घरच्याला, मंग दुनियेला. खरं हाय. त्याच्याम्होरं पयल्यांदा ऐकायचं न्हाई.

हसीना, ये भाईर. ये बाई, हितं बस, माज्याजवळ. भाभी, तुमीबी या, आता तुमच्यापास्नं काय झाकलेलं ऱ्हायलंय? दार लोटून घ्या. हात दे तुजा. दोन्ही दे. थंडगार हाय पोरी तुजा हात.

कुटनं सुरू करनार? डोक्यापास्नं? तुमी ज्या क्रमानं धुतलं तसंच सांगा. कान झाकला हुता तो. उजवा. आन मधी थांबू नका, खाजाभाई. मी हात वर केला तरी थांबू नका. मी लई बोलते, माजी सवयच हाय, भ्या वाटलं का बोलते, आता न्हाई बोलत.

सांगा. मी गप बसते.